बोट तुम्ही निवडा

कुंडल, ता. पलूस
२० नोव्हेंबर २०२३

चि. राजेश्वरी,

अनेक आशीर्वाद लिहिले नाहीत, हे तुझ्या लक्षात येईलच. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे पत्र कुठून धरायचं तेच कळेना.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. फोन नको, फोनवर तुम्ही ओरडता, जे काय असेल ते लिहून कळवा, असं तू म्हणतेस. बरं. कागदावर ओरडलेलं फ्रान्सपर्यंत ऐकू येणार नाही.

तीन रंगीत पुस्तिका पाहिल्या. तीन मुलूख, तीन बोटी, दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे. आठ दिवस पाण्यावर राहायचं, बोटीतच जेवायचं आणि बोटीतच झोपायचं. ‘तुमच्या घरी मला येता येत नाही, माझ्या घरी तुम्ही येणार नाही. बोट कुणाचंच घर नाही. कुठली, ते नाना तुम्ही निवडा.’ हे मी दोनदा वाचलं. वकिलाकडून लिहून घेतल्यासारखं वाटलं.

जन्मभर द्राक्षं लावली, छाटली, वाळवून बेदाणा केला. आता सदुसष्टाव्या वर्षी दुसऱ्यांची द्राक्षं लांबून बघायला मी विमानात बसू? आणि एक सांग. एका पुस्तिकेवर बोर्दो असं लिहिलंय. हे आपलं बोर्डो तर नव्हे, बुरशीवर मारतो ते, मोरचूद आणि चुन्याचं? तीस वर्षं बागेवर फवारलं ते एका गावाचं नाव आहे, हे मला आज कळलं.

तुझ्या आईनं पुस्तिका तीनदा चाळल्या आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिल्या. मला वाटलं होतं, रडेल.

पानाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलंस की महेंद्रचे आईवडील, धोंडीबा आणि जाईबाई, हेही येणार. जावयाचं नाव मी पहिल्यांदाच लिहितोय. तुझं बारीक अक्षर मी वाचलं. चष्मा आहे मला.

विचार करून कळवतो.

नाना


पलूस
१८ डिसेंबर २०२३

चि. राजेश्वरी,

इंद्रजितच्या दुकानात बसून लिहितोय. तुझा चुलतभाऊ आता खतं-औषधं विकतो, त्याला टक्कल पडलंय. त्यानं संगणकावर तिन्ही बोटी उघडून दाखवल्या. निवडायला सांगितलंस, तर नीट निवडतोय. बागेसाठी द्राक्षाची जात निवडतानासुद्धा एवढा वेळ घेतला नव्हता.

पहिली बरगंडीची. वीस माणसांची लहान बोट, कालव्यातनं जाते, एवढी सावकाश की काठावरचा माणूस चालत पुढं निघून जातो. तिच्यात एकच लांब टेबल आहे, सगळ्यांनी त्याच्यावरच बसायचं. ही नको.

दुसरी बोर्दोची. शंभरेक माणसं. दोन नद्या एकत्र येतात आणि पुढं खाडी होते. पाणी गढूळ आहे, आपल्या कृष्णेला ऑगस्टात असतं तसं. टेबलं आठ-आठ माणसांची. आपण सगळे मोजून सात, तुझी पोरगी धरून.

तिसरी ऱ्होन नदीवरची, लियोंहून खाली जाणारी. तीन मजली, दोनशे माणसं, जेवण दोन पाळ्यांत. ही मला पसंत आहे. मोठी बोट हलत नाही, तुझ्या आईला मळमळायचं नाही. दोन पाळ्या असल्या की गर्दी होत नाही. धोंडीबा-जाईबाईंना लवकर जेवायची सवय असणार, त्यांनी पहिल्या पाळीत जेवावं. आपण दुसऱ्या. खोल्यासुद्धा वेगवेगळ्या मजल्यांवर मिळाल्या तर त्यांनाही मोकळं वाटेल.

इंद्रजित हसला. म्हणाला, “नाना, बोट निवडताय का पंगत?” मी म्हणालो, तू तुझं गिऱ्हाईक बघ.

तुझा गैरसमज नको. धोंडीबाबद्दल माझ्या मनात काही नाही. आपल्या माळावर चौऱ्याण्णव साली पहिली कलमं बांधली ती त्यानं. छाटणीला त्याच्यासारखा हात पलूस तालुक्यात नव्हता. पंधरा वर्षं बाग त्याच्या जिवावर उभी होती, हे मी चारचौघांत म्हणायचो. तो बौद्ध वस्तीतला म्हणून मी कधी त्याला वाकडा शब्द बोललो नाही. शेडमध्ये त्याचा कप वेगळा होता, हे तू लग्नाच्या वेळी माझ्या तोंडावर फेकलंस. होता कप वेगळा. चहा एकाच पातेल्यातला होता.

आईला विचारलं, तुला कुठली आवडली? म्हणाली, “मला कुठलीबी चालंल. तुमी निवडा म्हंजे झालं. निवडलं की मानूस येतोय.”

तर ऱ्होनची पक्की समज.

नाना


कुंडल
२४ जानेवारी २०२४

राजेश्वरी,

तुझं उत्तर चार ओळींचं आहे. टेबल एकच, नाहीतर बोट नाही. आणि त्याच्याखाली प्रश्न: दोन हजार नऊच्या फवारणीचं खरं काय, ते आधी लिहा.

पोरीनं बापाची उलटतपासणी घ्यायची हे नवीन आहे. पाच दिवस मी कागदाला हात लावला नाही. बागेत गेलो, घड बघितले, परत आलो. तुझी आई ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. शेवटी म्हणाली, “लिवा की. हात मोडलाय का?”

लिहितो.

त्या नोव्हेंबरात अवकाळी पाऊस चार दिवस हटला नाही. ऑक्टोबरात छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात. पानामागं डावणीची पांढरी बुरशी दिसायला लागली होती. मी घाबरलो होतो. धोंडीबा पिंपात बोर्डो कालवत होता. मी म्हणालो, मोरचूद दुप्पट टाक.

तो म्हणाला, “आवं नाना, चुना तेवढा न्हाई. नुसत्या मोरचुदानं पान जळंल. फुलोरा हाय.”

मी म्हणालो, “बाग कुनाची?”

त्यानं टाकलं.

तिसऱ्या दिवशी दोन एकर करपलं. बघायला सगळे आले, भावकी आली, द्राक्ष सोसायटीचे लोक आले. चेअरमन दादासो, माझ्या वर्गातला, त्यानं विचारलं, कालवलं कुणी? मी म्हणालो, धोंडीबानं. हे खोटं नव्हतं. कालवलं त्यानंच होतं. मी तेवढंच बोललो, पुढचं लोक बोलले. दारू पिऊन कालवलं असंही कोण म्हणालं. धोंडीबा दारू पीत नव्हता. तो तिथंच उभा होता, कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन, माझ्याकडं बघत. मी एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी पानं बघत बसलो.

त्यानंतर गावात कुणी त्याला बागेत उभं केलं नाही. दोन महिन्यांनी बिऱ्हाड उचलून तो मिरजेला गेला, एका दवाखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून.

तू विचारतेस याचा अर्थ तुला ठाऊक आहे. तू सतरा वर्षांची होतीस. आम्ही पिंपाजवळ बोलत होतो तेव्हा तू किटली घेऊन आली होतीस का? मला आठवत नाही. आठवायचं नाही असं ठरवलं होतं म्हण.

पाच वर्षांनी महेंद्रशी सांगलीत नोंदणी लग्न करून तू दारात उभी राहिलीस, तेव्हा मी जे बोललो ते जातीवरनं बोललो असं सगळे म्हणतात. जातीवरनं होतंच. पण पोराला बापाचे डोळे होते, आणि ते डोळे माझ्या घरात जावई म्हणून रोज जेवायला बसणार होते. तेही मला सोसणार नव्हतं.

झालं. लिहिलं. टेबल एकच ठेव. आणि बोट बोर्दोची घे. ज्या गावाच्या औषधानं माझी बाग जाळली ते गाव एकदा बघतो.

नाना


कुंडल
१५ फेब्रुवारी २०२४

चि. राजेश्वरी,

अनेक आशीर्वाद.

मिरजेला जाऊन धोंडीबाला भेटून आलो. स्वतः गेलो, हे ध्यानात घे. स्टेशनच्या मागं दोन खोल्या आहेत, स्वच्छ ठेवल्यात. बसून चार गोष्टी बोललो. त्याचे गुडघे दुखतात. बोटीचं चढणं-उतरणं झेपायचं नाही म्हणतो. त्याला बळंच ओढू नये असं मला वाटतं. ते दोघं पुढच्या वर्षी सावकाश येतील. औंदा आम्ही दोघं येतो.

घड भरलेत. महिन्याभरात तोडा येईल.

आई बरी आहे. कालच मिरजेला डोळे दाखवून आली. दर तीन महिन्यांनी जाते. डॉक्टर काही सांगत नाही, आणि ती जायची थांबत नाही.

नाना


कुंडल
११ एप्रिल २०२४

राजेश्वरी,

तुझ्याकडं सगळं पोचलं असणारच. तरी माझ्या हातानं लिहितो, कारण तुझ्या आईनं सांगितलेलं आणि माझं यात फरक पडायला नको.

रामनवमी जवळ आली म्हणून ती माहेरी मेढ्याला जाते असं सांगून सोमवारी गेली. बुधवारी तुझ्या मल्हारमामाचा फोन आला, अक्का कधी येणार म्हणून. मेढ्याला ती पोचलीच नव्हती. मी घाबरून पलूसला पळालो, इंद्रजितला उठवलं, पोलिसांत जायच्या गोष्टी केल्या. दुपारी ती स्वतःच घरी आली. म्हणाली, “मिरजेत हुते. जाईबाईकडं. कापडं न्यायला आलेय.”

मग सगळं निघालं. डोळ्यांना तिच्या काहीही झालेलं नाही. नऊ वर्षं ती दर तीन महिन्यांनी जाईबाईच्या घरी जायची आणि तिच्या फोनवर तुझ्याशी बोलायची. नातीचं नाव प्रियदर्शनी, तिला भाकरी आवडते, ती डावरी आहे, हे सगळं तिला ठाऊक. मी नऊ वर्षं एका अशा बाईबरोबर जेवलो जिला माझ्या नातीचा आवाज माहीत होता. बोट नानांना निवडू दे, ही युक्तीसुद्धा तिचीच निघाली.

आणि मिरजेला मी काय बोललो ते धोंडीबानं तिला सांगितलं नाही. जाईबाईनं सांगितलं. ती दारामागं उभी होती.

जाईबाईनं चहा आणला होता, बशीसकट नवा कप. मी म्हणालो, मला साखर चालत नाही. मला साखरेचा रोग नाही, हे धोंडीबाला ठाऊक आहे. त्यानं कपाकडं बघितलं आणि बायकोला म्हणाला, “ठिव बाजूला.”

मी म्हणालो, “धोंडीबा, औंदा आमी जाऊन येतो. नऊ वर्सांनी लेकीला भेटतोय. तू फुडल्या साली जा. एका टेबलावर बसायचं म्हंजे तुलाबी अवघड, मलाबी.”

“मला काय अवघड न्हाई, नाना.”

“पोरांना सांग, गुडघं दुखत्यात.”

“गुडघं झ्याक हायती.” त्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. “पोरगी मला बाबा म्हनती. तिला खोटं सांगायचं जड जाईल. पर सांगतो. तुमी एवढ्या लांब आलाय.”

रस्त्यापर्यंत सोडायला आला. तरातरा चालत होता.

हे मी फेब्रुवारीत लिहिलं नाही. आता लिहितो.

तुझी आई दोन पिशव्या भरून उभी राहिली. मी म्हणालो, लोक काय म्हणतील? म्हणाली, “पोरगी म्हनली, बोट निवडा. तुमी मानसं निवडत बसला.” आणि एस.टी.ला गेली. मी थांब्यापर्यंत मागं गेलो. तिनं पिशवी माझ्या हातात दिली नाही.

नाना

ता. क. इंद्रजितच्या संगणकावर आलेली तुझी चिठ्ठी आत्ता मिळाली. माझं तिकीट रद्द केलं नाहीस. व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी बावीस एप्रिलला पुण्यात चौघांनाही एकाच दिवशी बोलावलंय. धोंडीबा बाबांना तुम्ही स्वतः चला म्हणा आणि त्यांच्याबरोबर या, असं लिहिलंस. ठीक आहे. येतो. पुण्यातच म्हणेन.


कुंडल
१६ जून २०२४

राजेश्वरी,

पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणं आज तुमची बोट सुटली. घराचं दार उघडं आहे, आत माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहायला वेळ आहे.

बावीस एप्रिलला पुण्याला का आला नाहीत, असं तू विचारलंस. मी कळवलं होतं, खरड छाटणी चालू होती. तेही खोटं. मी पुण्याला आलो होतो.

पहाटेच्या गाडीनं निघालो, धुतलेलं धोतर, सगळी कागदपत्रं पिशवीत. पत्ता शोधत गेलो तर ते तिघं इमारतीच्या पायरीवर सावलीला बसलेले. नंबर यायला वेळ असावा. जाईबाईनं डबा उघडला होता आणि तिघं त्यातनं खात होते. धोंडीबा काहीतरी सांगत होता, बहुतेक कुणाची तरी नक्कल करत होता, आणि तुझी आई हसत होती. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. हात खरकटा, तो तसाच वर धरलेला. मी रस्त्याच्या पलीकडं रिक्षांच्या मागं उभा होतो. ही बाई अशी हसते हे मी विसरून गेलो होतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची.

मला रस्ता ओलांडायचा होता. धोंडीबाला काय म्हणायचं तेसुद्धा मी गाडीत घोकलं होतं. पण मी गेलो की ती हसायची थांबणार, हे मला स्वच्छ दिसलं. धोंडीबा उठून उभा राहणार, जाईबाई डबा झाकणार. हे सगळं माझ्या नुसत्या जाण्यानं होणार. पंधरा-वीस मिनिटं मी उभा राहिलो. मग त्यांना आत बोलावलं, ते गेले, आणि मी स्टँडवर आलो.

परतीला गाडी साताऱ्यात बंद पडली. दुसरी येईपर्यंत मी फलाटाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मेढ्याची गाडी समोर लागली होती. मल्हारकडं जाऊन राहावं असं वाटलं. तो विचारणार, अक्का कुठाय. गेलो नाही.

याला तू पळपुटेपणा म्हणशील. म्हण. पण ही एक गोष्ट मी त्या दिवशी त्यांच्यासाठी केली असंही मला वाटतं, आणि मला वाटतं ते खोटं असतं असा आता अनुभव आहे.

पुढचं सांगतो. परवा द्राक्ष सोसायटीची बैठक होती. पंधरा-सोळा जण होते, दादासो खुर्चीवर. विषय संपत आले तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. दोन हजार नऊला माझी बाग धोंडीबानं जाळली नाही. त्यानं नको म्हटलं होतं, मी टाकायला लावलं. मी चारचौघांत त्याचं नाव घेतलं आणि त्याची रोजी गेली, गाव गेलं. मला वाटलं, आता गोंधळ होईल, कुणी तरी मला बोलेल. माझी ऐकून घ्यायची तयारी होती.

दादासो म्हणाला, “नाना, बस खाली. आमाला ठाऊक हुतं की.”

“कवापासनं?”

“तवापासनंच. मोरचुदाची पोती तू सोताच न्हेलीस दुकानातनं. आन् धोंडीबा कशाला दुप्पट टाकंल? तालुक्याला छाटणी शिकवलेला मानूस त्यो.”

“मग बोलला का न्हाई?”

“तुजी बाग, तुजा गडी. आमी कशाला मदी पडायचं?”

एक-दोघांनी मान हलवली. कुणीतरी बेदाण्याच्या खोक्यांचा विषय काढला आणि बैठक पुढं चालू झाली.

मी बसून राहिलो. पंधरा वर्षं मी एवढ्या कष्टानं जे झाकत आलो ते झाकलेलंच नव्हतं. ते पोटात ठेवण्यासाठी मी लेक तोडली, बायको घालवली, आणि ते सोसायटीच्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. धोंडीबा खरा आहे हे सगळ्यांना माहीत असताना सगळ्यांनी त्याला जाऊ दिलं. त्याला हे कळलं असेल का? कळलंच असेल. म्हणून तर त्या दिवशी तो लोकांकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. बोलायचं काम माझं होतं.

या पत्राबरोबर धोंडीबासाठी एक वेगळा कागद जोडणार होतो. तीनदा लिहिला. पहिल्यांदा ‘तू’ लिहिलं, जन्मभर तेच म्हटलं म्हणून. फाडला. मग ‘तुम्ही’ लिहिलं. ते वाचून मलाच वाटलं, याला काहीतरी हवंय. तोही फाडला. तिसरा नुसता नावापर्यंत आला. जोडलेला नाही. बैठकीतलं तू त्याला सांगू नकोस. मी सांगितलं आणि कुणाला काही वाटलं नाही, हे ऐकून त्याला कशाचं समाधान होणार आहे?

तुझी आई एप्रिलमध्ये जाताना घरची किल्ली देव्हाऱ्यासमोर ठेवून गेली. मी विचारलं होतं, बोटीवरनं परत आल्यावर? म्हणाली, “तवाचं तवा बघू. मिरजेत जागा हाय.” तिला मी दोष देत नाही. देत होतो, मेअखेरपर्यंत.

पत्र पोचेल तोवर तुमचे आठ दिवस संपलेले असतील. बोट कशी होती ते लिहू नकोस. फोटो इंद्रजितला पाठवशील, तो दाखवायला येईल, मी बघणार नाही असं म्हणेन आणि बघेन.

त्यांचं परतीचं विमान कुठल्या तारखेला उतरतं, तेवढं कळव. मी न्यायला जाणार नाही. मी तिथं उभा दिसलो तर तिघांनाही अवघड होईल, एवढं आता मला समजतं. नुसती तारीख कळव.

नाना